दवाखान्यातली तिसरी खोली
ब्रिटनमधील प्रॅक्टिस नर्सची जडणघडण आणि आपल्याकडचा एक न झालेला मिलाफ

आपल्याकडच्या जुन्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याला साधारणपणे दोन खोल्या असत. बाहेरच्या खोलीत बाकडी आणि कंपाउंडरची खिडकी, आतल्या खोलीत डॉक्टर. ब्रिटनमधल्या आजच्या दवाखान्यात गेले तर तिथे आणखी एक खोली दिसते. त्या खोलीच्या दारावर नर्सचे नाव असते, तिच्या भेटीच्या वेळा वेगळ्या असतात आणि कित्येक रुग्ण डॉक्टरची पायरी न चढता थेट तिच्याकडे येतात. ती मधुमेही माणसाचे तळपाय तपासते, दम्याच्या मुलाला इनहेलर ओढायला शिकवते, बाळांना लस टोचते, गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी नमुना घेते, रक्तदाबाची गोळी पुरेशी पडते आहे की नाही हे पाहते आणि तसे प्रशिक्षण झाले असेल तर स्वतःच्या सहीने औषधही लिहून देते. तिला तिथे ‘प्रॅक्टिस नर्स’ म्हणतात. इथे प्रॅक्टिस म्हणजे जनरल प्रॅक्टिस, अर्थात फॅमिली डॉक्टरचा व्यवसाय.

ही तिसरी खोली कोणा द्रष्ट्या माणसाच्या आराखड्यातून उभी राहिलेली नाही. ती एका हिशेबाच्या कलमातून उघडली, लांबत जाणाऱ्या आजारांनी ती भरली आणि तिच्यात बसणाऱ्या बाईला तिच्या कामाइतका अधिकार मिळायला पुढची चाळीस वर्षे लागली. काम आधी आणि मान्यता कितीतरी नंतर, असा हा क्रम आहे. तो नीट पाहिला म्हणजे आपल्याकडे अशी खोली का उघडली नाही, याचाही उलगडा होऊ लागतो.

घरोघर जाणारी नर्स

फॅमिली डॉक्टरच्या आधाराने काम करणारी नर्स ब्रिटनमध्ये आली ती दवाखान्यात नव्हे, रुग्णाच्या घरात. १८५९ साली लिव्हरपूलचा व्यापारी विल्यम रॅथबोन याची पत्नी आजारपणात गेली. तिच्या शेवटच्या दिवसांत मेरी रॉबिन्सन नावाच्या नर्सने तिची शुश्रूषा केली होती. पैसा असूनही आपल्याला या शुश्रूषेचा एवढा आधार वाटला, मग ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांचे काय होत असेल, या विचाराने रॅथबोनने याच बाईंना शहरातल्या गरीब वस्तीत काम करण्यासाठी नेमले. महिन्याभरातच त्या परत आल्या. तिथली दैन्यावस्था पाहवत नाही, मला मोकळे करा, असे त्यांचे म्हणणे होते. रॅथबोनने त्यांची समजूत घातली आणि त्या पुन्हा कामावर गेल्या. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने लिव्हरपूलमध्ये नर्सेसची शाळा निघाली, शहराचे अठरा विभाग पाडले गेले आणि प्रत्येक विभागाला एक नर्स मिळाली. ‘डिस्ट्रिक्ट नर्स’ हा शब्द इथून रूढ झाला. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली. त्या निमित्ताने ब्रिटनमधल्या स्त्रियांनी गोळा केलेल्या निधीतून या कामाला देशव्यापी संस्थेचे रूप आले.

या नर्सचे डॉक्टरशी असलेले नाते ध्यानात ठेवायला हवे. उपचाराचा हुकूम डॉक्टरचा असे, पण पगार स्थानिक मंडळ देई. डॉक्टर आणि नर्स एकाच रुग्णाच्या खाटेपाशी येत, तरी एका छताखाली बसत नसत.

डॉक्टरचा दवाखाना बहुधा त्याच्या राहत्या घरातच असे. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने कामगारांना ‘पॅनेल’वरच्या डॉक्टरकडून उपचार मिळू लागले. १९१३ पासून ही सोय प्रत्यक्षात आली, पण ती कमावत्या माणसापुरती होती. त्याची बायको आणि मुले तिच्याबाहेर राहिली. दारावरची घंटा ऐकणे, निरोप लिहून ठेवणे, प्रसंगी जखमेवर पट्टी धरणे ही कामे डॉक्टरची पत्नी करी. तिला पगार नव्हता आणि या कामाची कुठे नोंदही होत नव्हती. दवाखान्यातल्या नर्सचा पूर्वेतिहास शोधायचा तर तो निम्मा डिस्ट्रिक्ट नर्समध्ये सापडतो आणि निम्मा या बिनपगारी गृहिणीमध्ये.

१९४८: तीन वाटा

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि पहिल्यांदाच प्रत्येक नागरिकाला, बायका-मुलांसह, डॉक्टर विनामूल्य मिळाला. मात्र या सेवेची बांधणी तीन वेगळ्या विभागांत झाली होती. रुग्णालये एका यंत्रणेकडे गेली. डिस्ट्रिक्ट नर्स, सुईणी आणि घरोघर जाऊन बाळांची देखभाल पाहणाऱ्या हेल्थ व्हिजिटर स्थानिक स्वराज्य संस्थांकडे राहिल्या. जनरल प्रॅक्टिशनर मात्र कोणाचाच नोकर झाला नाही. तो सरकारशी करार केलेला स्वतंत्र व्यावसायिक राहिला आणि त्याच्या यादीवर जितकी माणसे नोंदलेली असतील त्या मानाने त्याला पैसे मिळू लागले.

या यादीचे महत्त्व पुढे फार वाढणार होते. तूर्त मात्र डॉक्टरच्या पैशांच्या रचनेत एक गोम होती. दवाखान्याच्या खर्चापोटीची रक्कम सर्व डॉक्टरांच्या एकत्रित निधीतून, सरासरी काढून मिळे. ज्याने चांगली जागा घेतली, मदतनीस ठेवले, त्याला त्याचा खर्च वेगळा मिळत नसे; ज्याने काहीच केले नाही, त्याच्या खिशात मात्र सरासरीचा वाटा पडे. नर्स नेमणे म्हणजे स्वतःच्या मिळकतीतून पदरमोड करणे, असा सरळ हिशेब होता.

परिणाम व्हायचा तोच झाला. जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने इंग्लंडमधल्या दवाखान्यांची पाहणी करून १९५० साली ‘लॅन्सेट’मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. औद्योगिक शहरांतल्या दवाखान्यांचे त्याने केलेले वर्णन विदारक होते. कोंदट खोल्या, बाहेर ताटकळणारी गर्दी, तपासणीच्या साधनांचा अभाव, आणि त्यात रुग्णामागून रुग्ण उरकणारा एकटा डॉक्टर. या अहवालाने व्यवसायात खळबळ उडाली. १९५२ मध्ये जनरल प्रॅक्टिशनरांचे स्वतःचे कॉलेज स्थापन होण्यामागे ही बोचही होती.

सत्तर टक्क्यांचे कलम

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत असंतोष टिपेला पोहोचला. १९६५ मध्ये हजारो डॉक्टरांनी तारीख न घातलेले राजीनामे आपल्या संघटनेकडे देऊन ठेवले. आरोग्यमंत्री केनेथ रॉबिन्सन यांच्याशी वाटाघाटी झाल्या आणि त्यातून जो करार निघाला तो ‘फॅमिली डॉक्टरांची सनद’ म्हणून ओळखला जातो. १९६६ पासून तो अमलात आला.

या सनदेत डॉक्टरांचे मानधन, दवाखान्याच्या जागेचे भाडे, गटाने व्यवसाय करण्यास उत्तेजन, असे बरेच काही होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे कलम एकच. दवाखान्यात नेमलेल्या मदतनीसांच्या पगारातील सत्तर टक्के रक्कम सरकार परत देईल, आणि ही सवलत एका डॉक्टरमागे दोन पूर्णवेळ मदतनीसांपर्यंत लागू राहील. मदतनीस म्हणजे स्वागतिका, टंकलेखिका किंवा नर्स. नर्सने काय करावे, तिचे शिक्षण किती असावे, तिच्यावर देखरेख कोणाची, याबद्दल या कलमाला काही म्हणायचे नव्हते. ते पगारपत्रकापुरते होते.

तरी दार उघडले ते यामुळेच. कालपर्यंत पदरमोड वाटणारी नर्स आता तीस टक्क्यांत मिळू लागली. गटाने व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांनी नव्या जागा बांधल्या, त्यांत उपचारांची वेगळी खोली काढली आणि तिथे नर्स बसवली. या पहिल्या पिढीतल्या बऱ्याच जणी रुग्णालयात शिकून, काही वर्षे काम करून, लग्नानंतर आणि मुले झाल्यावर घरी बसलेल्या होत्या. रुग्णालयाच्या रात्रपाळ्या त्यांना जमण्यासारख्या नव्हत्या. घराजवळचा दवाखाना आणि अर्धवेळ काम ही त्यांची सोय होती, आणि शिकलेला हात स्वस्तात मिळणे ही डॉक्टरची.

कामाची यादीही त्या सोयीनुसारच ठरली. मलमपट्टी, टाके काढणे, इंजेक्शने, कानातला मळ काढणे, रक्ताचे नमुने घेणे, उपकरणे उकळून निर्जंतुक करणे, स्त्री-रुग्णाची तपासणी चालू असताना सोबत उभे राहणे. डॉक्टरने जे खाली ठेवले ते तिने उचलले. याच सुमारास स्थानिक संस्थांनी आपल्या डिस्ट्रिक्ट नर्सही काही दवाखान्यांशी जोडून दिल्या. म्हणजे एकाच दवाखान्यात दोन नर्स दिसू लागल्या: एक सरकारी पगाराची, घरोघर जाणारी आणि आपल्या वरिष्ठ नर्सला उत्तर देणारी, दुसरी डॉक्टरच्या पगाराची, खोलीत बसणारी आणि डॉक्टरला उत्तर देणारी. या दोघींमधली ओढाताण पुढे वीस वर्षे चालली.

न आलेल्या रुग्णाचा शोध

नर्सच्या कामाचे रूप बदलले ते आजारांचे रूप बदलल्यामुळे. न्यूमोनिया आणि घटसर्प मागे पडत होते. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार पुढे येत होते. हे आजार एका भेटीत बरे होत नाहीत. शिवाय रक्तदाबासारखा विकार दुखत-खुपत नसल्याने रुग्ण आपण होऊन येतच नाही.

वेल्समधल्या ग्लिनकोरग या खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचा डॉक्टर काम करत होता. ज्यांना वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत जास्त, त्यांनाच ती सर्वांत कमी मिळते, हा त्याने १९७१ मध्ये मांडलेला ‘व्यस्त सेवेचा नियम’ जगभर गाजला. त्याआधीच, १९६८ पासून, त्याने एक वेगळा खटाटोप आरंभला होता. आपल्या यादीवरच्या २० ते ६४ वयाच्या प्रत्येक माणसाचा रक्तदाब मोजायचा, मग तो आजारी असो वा नसो. जे दवाखान्यात आले त्यांचा येताच मोजायचा, जे आले नाहीत त्यांना शोधून काढायचे.

रक्तदाबाच्या बाबतीत वैद्यकात ‘अर्ध्यांचा नियम’ सांगितला जाई. विकार असलेल्यांपैकी निम्म्यांनाच तो असल्याचे ठाऊक असते, त्यांतल्या निम्म्यांनाच उपचार मिळतात आणि उपचार मिळणाऱ्यांपैकी निम्म्यांचाच रक्तदाब ताब्यात राहतो. म्हणजे आठांतला एक. या गळतीवर औषधाचा उपाय चालत नाही. त्यासाठी यादी लागते, ती चाळणारे कोणी लागते, निरोप धाडणारे, आलेल्याशी शांतपणे बोलणारे आणि पुढल्या महिन्याची तारीख देणारे कोणी लागते. दारात रोजच्या तापखोकल्याची रांग असलेल्या डॉक्टरला हे जमणे कठीण होते.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ऑक्सफर्डमध्ये हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्यासाठी एक प्रकल्प उभा राहिला. त्यात एलेन फुलार्ड यांनी दवाखान्या-दवाखान्यांत जाऊन डॉक्टर आणि नर्सना हीच पद्धत लावून दिली. रुग्णांच्या कागदांत रक्तदाब, वजन, धूम्रपान यांची नोंद किती जणांची आहे हे आधी मोजायचे, मग ती नोंद पुरी करण्याचे काम नर्सकडे सोपवायचे. काम साधे होते, पण कागद चाळल्यावर किती रकाने रिकामे आहेत हे डॉक्टरांना प्रथमच दिसले. याच दशकात स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन इथे ग्रेटा बार्न्स या प्रॅक्टिस नर्सने दम्याच्या रुग्णांची देखभाल शिकवणारे केंद्र उभे केले. बर्मिंगहॅममध्ये बार्बरा स्टिलवेल यांनी नर्सने रुग्णाला आधी आपण तपासावे, निर्णय घ्यावा आणि गरज वाटल्यास डॉक्टरकडे पाठवावे, असा प्रयोग केला. डॉक्टरने खाली ठेवलेले उचलणारी नर्स आता डॉक्टर ज्या कामापर्यंत पोहोचतच नव्हता ते करू लागली होती.

लक्ष्य आणि सही

१९८६ मध्ये ज्युलिया कंबरलेज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वस्तीपातळीवरच्या नर्सिंगसंबंधी अहवाल दिला. त्यात दोन शिफारशी शेजारी शेजारी होत्या. नर्सना मर्यादित औषधे लिहून देण्याचा अधिकार द्यावा, ही एक. डॉक्टरांना नर्स नेमण्यासाठी मिळणारे अनुदान बंद करावे, ही दुसरी. नर्स डॉक्टरची नोकर असू नये, तिने आपल्या वस्तीतल्या नर्सच्या चमूत काम करावे, अशी समितीची भूमिका होती. विचार तत्त्वाला धरून होता, पण तो अमलात आला असता तर हजारो प्रॅक्टिस नर्सच्या पायाखालची जमीनच सरकली असती. सरकारने दुसरी शिफारस उचलली नाही. नर्सची स्वायत्तता आणि नर्सची नोकरी या दोन गोष्टी तेव्हा एकमेकींच्या विरोधात उभ्या राहिल्या होत्या, आणि जिंकली ती नोकरी.

१ एप्रिल १९९० पासून डॉक्टरांवर नवा करार लादला गेला. त्यात लक्ष्ये होती. बाळांचे लसीकरण नव्वद टक्के झाले तर पूर्ण रक्कम, सत्तर टक्के झाले तर कमी, त्याखाली काही नाही. गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी हीच मर्यादा ऐंशी आणि पन्नास टक्के. पंचाहत्तरीपुढच्या प्रत्येक माणसाची वर्षातून एकदा विचारपूस. डॉक्टरांनी या कराराला कडाडून विरोध केला. पण तो लागू होताच त्यांनी सर्वांत आधी काय केले असेल, तर नर्स नेमल्या. थोड्या वर्षांत त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. पुरुष डॉक्टरकडून ही तपासणी करून घ्यायला संकोचणाऱ्या बायका नर्सकडे यायला तयार होत, त्यामुळे लक्ष्य गाठून देणारी व्यक्ती बहुतेक ठिकाणी तीच ठरली.

काम वाढले, पण सही डॉक्टरचीच राहिली. पायावरची चिघळलेली जखम नर्सने तपासायची, तिला कोणती पट्टी लागेल हे तिनेच ठरवायचे, कागदही तिनेच लिहायचा आणि रुग्णाला न पाहिलेल्या डॉक्टरची सही घेण्यासाठी त्याच्या दाराशी थांबायचे. जून क्राउन यांच्या अध्यक्षतेखालील गटाने १९८९ मध्ये हा प्रकार बंद करण्याची शिफारस केली. १९९२ मध्ये कायदा झाला. १९९४ मध्ये मोजक्या ठिकाणी, डिस्ट्रिक्ट नर्स आणि हेल्थ व्हिजिटर यांच्यापासून सुरुवात झाली आणि त्यांनाही पट्ट्या, मलमे, साधी औषधे एवढीच यादी मिळाली. २००२ मध्ये यादी वाढली. १ मे २००६ पासून मात्र हे विशेष प्रशिक्षण घेतलेल्या नर्सला आपल्या कुवतीच्या कक्षेतले जवळपास कोणतेही औषध लिहून देता येऊ लागले. सनदेपासून मोजले तर चाळीस वर्षे झाली होती.

यामध्ये एक घटना सहज नजरेआड होते. १९९२ मध्येच नर्सच्या नोंदणी परिषदेने व्यावसायिक कक्षेविषयी नवे धोरण जाहीर केले. तोवर नेहमीपेक्षा वेगळे कोणतेही काम, उदाहरणार्थ शिरेत सुई घालणे, करायचे तर त्याचे वेगळे प्रमाणपत्र लागे, आणि डॉक्टरने ते काम तिच्याकडे सोपवले असे मानले जाई. आता आपल्याला काय येते आणि काय येत नाही हे नर्सने स्वतः ठरवायचे होते आणि त्याबद्दल परिषदेला स्वतःच उत्तर द्यायचे होते. पगार डॉक्टरचा, पण जबाबदारी आपली. डॉक्टरने सांगितले म्हणून केले, ही सबब तिला उरली नाही.

पैसा कोणाकडे गेला

२००४ च्या करारात दीर्घकालीन आजारांच्या देखभालीला गुण आणि गुणांना पैसे मिळू लागले. मधुमेह्यांपैकी किती जणांची तपासणी झाली, किती जणांचा रक्तदाब ताब्यात आहे, याचे संगणकावर मोजमाप होऊ लागले. त्या वर्षी एकूण १०५० गुणांची ही योजना होती. मोजणीमागचे रोजचे काम मोठ्या प्रमाणावर नर्स करत होत्या. गुणांची रक्कम दवाखान्याकडे, म्हणजे मालक असलेल्या डॉक्टर-भागीदारांकडे जात होती.

त्याच वर्षी आरोग्य सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी देशभर एकसमान वेतनश्रेण्या लागू झाल्या. डॉक्टरांच्या खाजगी नोकरीत असलेल्या प्रॅक्टिस नर्स त्यांत आल्या नाहीत. त्यामुळे शेजारच्या दोन दवाखान्यांत तेच काम करणाऱ्या दोघींचा पगार, आजारपणाची रजा, प्रशिक्षणासाठी मिळणारे दिवस वेगवेगळे असू शकतात. १९६६ च्या कलमाने उघडलेल्या दाराची ही किंमत आहे. डॉक्टरची नोकर म्हणून ती आत आली, आणि काम बदलले तरी नोकरीचे स्वरूप तेच राहिले.

तिच्या कामाचा उपयोग किती, हा प्रश्न मात्र तपासला गेला आहे. डॉक्टर आणि प्रगत प्रशिक्षण घेतलेली नर्स यांच्या कामाची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा आढावा २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केला. नर्सने पाहिलेले रुग्ण अधिक समाधानी होते, ती प्रत्येकाला अधिक वेळ देत होती, आणि रुग्णांच्या प्रकृतीत दोन्हीकडे फरक आढळला नाही. नर्स डॉक्टरइतकीच चांगली, असा सरसकट निष्कर्ष काढण्याचे मात्र कारण नाही. अभ्यास ठरावीक प्रकारच्या भेटींचे होते, आणि अधिक वेळ देणाऱ्या नर्समुळे खर्च वाचतोच असेही नाही. तिला स्वस्तातला डॉक्टर समजणाऱ्यांची आणि तिला डॉक्टरची मदतनीस समजणाऱ्यांची, दोघांचीही त्यामुळे अडचण होते. तिचे काम तिसऱ्याच प्रकारचे आहे.

आपल्याकडे

आपल्याकडे या कामाची गरज नव्हती, असे कोणी म्हणू शकणार नाही. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता आणि ४३,००० लोकांमागे एक नर्स. डॉक्टरपेक्षा नर्स दुर्मीळ, ही परिस्थिती युरोपच्या नेमकी उलट होती. तिची कारणे सामाजिक होती. परक्याच्या देहाला स्पर्श, रात्रीची पाळी, सर्व जातींच्या रुग्णांची शुश्रूषा हे सारे उच्चवर्णीय घरांना निषिद्ध वाटे. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात मुलींना नर्सिंगचे शिक्षण द्यायला सुरुवात केली तेव्हा घराघरांतून त्यांची मनधरणी करावी लागली. विधवांना उपजीविकेची आणि मानाची वाट म्हणून सेवासदनाने हे काम समोर ठेवले, हे मराठी समाजाच्या इतिहासातले मोठे पाऊल होते.

स्वातंत्र्यानंतर दोन वाटा फुटल्या आणि त्या पुन्हा एकत्र आल्या नाहीत. एक सरकारी वाट. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे निघाली आणि उपकेंद्रावर दोन वर्षांचे शिक्षण घेतलेली सहायक परिचारिका-प्रसाविका आली. गावाने तिला ‘नर्सबाई’ म्हटले. सपाटीवर ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र, असे प्रमाण पुढे ठरले. १९७३ च्या करतारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय सेविका करायचे सुचवले. बाळंतपण, लसीकरण, कुटुंबनियोजन, हिवताप, आणि या सगळ्याच्या नोंदवह्या तिच्याकडे आल्या. घरोघरच्या पाहणीमुळे तिच्याकडे गावाची यादी होती, पण रोज शेजारी बसणारा डॉक्टर नव्हता.

दुसरी वाट खाजगी दवाखान्याची. आपल्या लोकांच्या औषधपाण्याचा मोठा भार याच दवाखान्यांनी वाहिला. तिथे डॉक्टर होता, पण नर्स नव्हती. होता तो कंपाउंडर. मिक्श्चर ढवळणे, बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवणे, पुड्या बांधणे, सिरिंज उकळणे, मलमपट्टी करणे, कधी इंजेक्शनही देणे. ब्रिटनमधल्या पहिल्या पिढीच्या प्रॅक्टिस नर्सची निम्मी कामे तो करत होता. पण त्याच्या हाताला नर्सचे शिक्षण नव्हते, त्याच्यामागे परिषद नव्हती आणि डॉक्टरला त्याचा पगार कोणी परत देत नव्हते. तयार गोळ्यांच्या पाकिटांनी मिक्श्चर मागे सारले तसा कंपाउंडरही मागे पडला. त्याच्या जागी आलेल्या मुलीला रुग्ण ‘सिस्टर’ म्हणतात, पण तिची नर्स म्हणून नोंदणी असतेच असे नाही.

या दोन वाटा जोडण्याचा एक वेगळा प्रयत्न १९७० पासून जामखेडला झाला. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी दुष्काळी भागातल्या, बहुतांशी निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केले आणि नर्स, डॉक्टर व गाव यांना एका साखळीत गुंफले. या कामाला १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण फॅमिली डॉक्टरच्या व्यवसायाची घडी त्याने बदलली नाही. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. नर्सिंगचे पदवीधर त्यासाठी पात्र आहेत. महाराष्ट्रात मात्र या पदांवर मोठ्या संख्येने आयुर्वेद पदवीधर आले. तिशीपुढच्या सर्वांचा रक्तदाब आणि साखर तपासण्याचे काम उपकेंद्राकडे आले आहे, म्हणजे नर्सबाईच्या वहीत आणखी रकाने वाढले आहेत.

ब्रिटनचा नमुना जसाच्या तसा उचलावा, असे सुचवण्याचा इथे हेतू नाही. तो तिथल्या दोन अटींवर उभा आहे. पहिली, प्रत्येक माणसाचे नाव एका डॉक्टरच्या यादीवर असणे. यादी असल्यामुळेच कोण आले नाही हे कळते. दुसरी, नर्सच्या पगाराचा मोठा वाटा सार्वजनिक पैशातून येणे. आपल्या खाजगी डॉक्टरला आलेला रुग्ण ठाऊक असतो, न आलेला ठाऊक नसतो. आणि न आलेल्याला बोलावण्यासाठी माणूस नेमला तर तो खर्च त्याच्या एकट्याच्या माथी पडतो. त्याच्या चांगुलपणाचा किंवा लोभाचा हा प्रश्न नाही, व्यवस्थेच्या हिशेबाचा आहे. १९६६ पूर्वी इंग्लंडमधल्या डॉक्टरचा हिशेबही नेमका असाच होता.

दरम्यान आपल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत रक्तदाब-मधुमेहाचे रुग्ण वाढत चालले आहेत. त्यांतले कित्येक जण दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतात आणि तीच दाखवून दुकानातून गोळ्या नेतात. गोळ्या संपल्या, पैसे नसले किंवा बरे वाटू लागले की थांबतात. ते थांबले आहेत हे दवाखान्यात कोणालाच कळत नाही. कळले तरी निरोप धाडणे हे कोणाचे काम नाही. नर्सबाईकडे वही आहे, डॉक्टरकडे औषध आहे आणि या दोघांना एका छताखाली आणणारे कलम आपल्याकडे अजून कोणी लिहिलेले नाही.